सोडून गेलेल्यांना शून्य

३ ऑगस्ट

प्रिय दशांश,

“तुझं बरं आहे गं, तू सगळ्यांच्या आधी बोलतेस. आमच्या वाट्याला उरलंसुरलं.” मी गटात आले त्याच आठवड्यात तू मला हे जिन्यात ऐकवलं होतंस. तुझ्या हातात दोन कप होते, त्यातला एक माझा, आणि माझ्या कपातला अर्धा चहा तू वाटेत सांडून आली होतीस. मी हसले होते. पुढे त्या वाक्यावर मी खूप वेळा चिडले, आणि तितक्याच वेळा त्याच वाक्यामुळे मला तुझी आठवण आली. दोन्ही वेगळं काढायला मला अजून जमलेलं नाही.

निमंत्रण मिळालं. ‘शिक्षणातील समानता अभ्यासगटाच्या सर्व माजी सदस्यांचा मेळावा, बाईंच्या निवृत्तीनिमित्त.’ पाकिटावरचं अक्षर तुझं. पण नाव माझं माहेरचं लिहिलं होतंस, त्यामुळे पोस्टमन दारात गोंधळला. सासऱ्यांना म्हणाला, “ही कोण राहते तुमच्याकडे?” सासरे म्हणाले, “आमचीच आहे, जुन्या नावाची.” आता दिवसभर मला तेच ऐकावं लागतंय. जुन्या नावाची, जरा पाणी दे. जुन्या नावाची, माझा चष्मा पाहिलास का?

मला यायला जमणार नाही. शाळेत आम्ही दोघीच शिकवतो, मुख्याध्यापिकाही मीच. दुसरी नवीन आहे, तिचं बाळ लहान आहे, ती नाही आली तर मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत असते. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला आम्ही दार पाडून घेतलंय, मी त्या चौकटीत उभी राहून एका कानाने पाढे ऐकते आणि दुसऱ्या कानाने कविता. बाईंना हे सांग. त्यांना आवडेल.

आपली खोली अजून आहे का? ते लांब टेबल, ज्याच्या एका पायाखाली कोणाचा तरी प्रबंध घातलेला होता? मला त्या टेबलाभोवतीचा बाईंचा नियमही आठवतो. बाहेर मोठे बोलतात आणि लहान माना हलवतात, म्हणून आपल्याकडे उलट. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, बाईंनी शेवटी. प्रत्येकाने एकदाच. कोणाचं खोडायचं नाही, मध्ये तोंड घालायचं नाही. मी कायम धाकटी राहिले, म्हणून शेंडेफळ. तू दशांश, कारण तीन घरांपर्यंत आकडा गेल्याशिवाय तुला जेवण गोड लागायचं नाही. मामांना मामा का म्हणायचो, ते मात्र आठवत नाही. संख्याशास्त्राचा माणूस कोणाचा मामा असतो?

इथे माझ्या वर्गात मी तो नियम लावलेला नाही. इथे दोनदा बोललेलं चालतं.

बाईंना नमस्कार सांग. तुला काय सांगू ते सुचत नाही, म्हणून थांबते.

शेंडेफळ


११ ऑगस्ट

प्रिय दशांश,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. सासऱ्यांनी टोमणा मारलाच. “माझा मुलगा तिकडे कामावर एकटा असतो, त्याला कधी एवढं लिहिलं नाहीस.” मी म्हटलं, त्याच्याशी माझं भांडण नाही ना.

मागच्या पत्रात मी तुला पाढे आणि कविता सांगितल्या. खरी गोष्ट सांगितली नाही. आमची शाळा बंद होणाऱ्यांच्या यादीत आहे. यादीत खालून पहिली.

आमची शाळा नव्या रस्त्याच्या कामाजवळ आहे. रस्ता करणारी माणसं जिथे काम चालू असेल तिथे पत्र्याच्या खोल्या टाकून राहतात. रस्ता पुढे गेला की खोल्या उचलून पुढे जातात. त्यांची मुलं आमच्याकडे येतात. कधी वर्षभर राहतात, कधी दोन महिने. एखाद्या सकाळी पत्र्याची आख्खी ओळ गायब असते आणि माझ्या वर्गातले तीन बाक रिकामे. कोणी सांगायला येत नाही. सांगणार तरी कोण, ट्रक पहाटेच निघतो.

आता तुझ्या लक्षात आलं असेल.

मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले होते. साहेब चांगला माणूस आहे, त्याने मला पंख्याखालची खुर्ची दिली. म्हणाला, “बाई, तुमच्या शाळेत सगळ्यात वरचं मूल आणि सगळ्यात खालचं मूल यांच्यात एवढी दरी आहे, की आम्हाला आधी छपाईची चूक वाटली.”

मी म्हटलं, “खालची मुलं शाळेतच नाहीत, साहेब. ती गेली.”

“गेली, म्हणूनच शून्य. सोडून जाणाऱ्याचे गुण शून्य धरायचे, असं सूत्रच आहे.”

“ते सूत्र कशासाठी केलं होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“ते विद्यापीठातून आलंय. तिथे मोठमोठी माणसं बसली होती.”

“मी बसले होते तिथे.”

त्याने खरंच कपाटातून आपला अहवाल काढला. मुखपृष्ठाचा कोपरा कोणीतरी दुमडून ठेवला होता. सदस्यांच्या नावांवरून त्याने बोट फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग फार हळू आवाजात म्हणाला, “तुमचं नाव दिसत नाही.”

दिसणार नाही. गट सोडताना मीच काढायला लावलं होतं. तू तेव्हा म्हणाली होतीस, राहू दे गं, नाव कोणाला चावतं का. मी ऐकलं नाही.

सूत्र तुझं होतं. चांगलं होतं, मी आजही तेच म्हणेन. नावाजलेल्या शाळा परीक्षेच्या तोंडावर कच्च्या मुलांच्या हातात दाखला ठेवायच्या आणि निकाल चकचकीत करून घ्यायच्या. तू म्हणालीस, जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शून्य धरा, मग बघू कशी काढतात. मामांनी टेबल वाजवलं होतं. प्रबंध पायाखालून सरकला होता.

पण त्या दिवशीही नियमाप्रमाणे मी आधी बोलले होते. मी म्हटलं होतं, “काही मुलं कोणी न काढताही जातात.” एवढंच. मला पुढचं नीट मांडता आलं नाही. मग सगळे बोलले, एकेकदा, छान बोलले. शेवटी बाई म्हणाल्या, शेंडेफळाचा मुद्दा लक्षात ठेवू. माझी पाळी होऊन गेली होती. कोणाचं खोडायचं नव्हतं, दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नव्हतं. माझं वाक्य टेबलाच्या त्या टोकाला तसंच पडून राहिलं.

तसं जाणारं मूल मीच होते, हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं. माझ्या वडिलांच्या पाठोपाठ मी किती शाळा बदलल्या, ते मी तुला जिन्यात बसून सांगितलं होतं. त्या दिवशी तुझ्या पाळीला तू त्यातलं काही काढलं नाहीस. तू माझं गुपित राखलंस, असं मला आधी वाटलं. नंतर वाटलं, तू बाईंचा नियम राखलास. अजून ठरत नाही.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर राहू दे.

शेंडेफळ


२६ ऑगस्ट

दशांश,

मामांचा फोन आला होता. मेळाव्याची सगळी हकीकत सांगितली. म्हणाले, “सगळे जाड झालेत. तू आली नाहीस, म्हणून तुला बारीक धरलंय.” मी म्हटलं, गैरहजर माणसाबद्दल असं काहीबाही धरायची तुमची सवय गेली नाही म्हणायची. ते हसले, मग एकदम हसायचे थांबले. त्यांच्या लक्षात आलं.

ते म्हणाले, बाईंनी हार बाजूला ठेवला आणि सवयीने विचारलं, “शेंडेफळ कुठे आहे? आधी कोण बोलणार मग?” आणि म्हणे कोणीच बोलेना. एवढे प्राध्यापक, दोन कुलसचिव, एक सल्लागार, सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी चहा आला तेव्हा सुटका झाली. मामांना यात गंमत वाटत होती. मलाही वाटली. फोन ठेवल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिले.

तू काय करत होतीस, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. तू खिडकीपाशी होतीस म्हणे, सायकली लावायच्या जागेकडे बघत.

मग ते म्हणाले, “शाळा बंद करायच्या त्या समितीवर विद्यापीठाकडून दशांश आहे, तुला माहीतच असेल.”

मी म्हटलं, नाही हो, मला कुठून माहीत.

मामांशी खोटं बोलले. तुझ्याशी बोलत नाही. मला माहीत होतं. निमंत्रणाचं पाकीट येण्याच्या आधीपासून माहीत होतं. साहेबाच्या टेबलावर समितीचा कागद उलटा पडला होता आणि उलटं वाचायला मी तुझ्याकडूनच शिकले आहे, शाळा बघायला जायचो तेव्हा. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिताना मी पाढे आणि कविता आणि सासऱ्यांचा चष्मा सांगत होते, तेव्हाही मनात हेच होतं. पण मनात फक्त हेच होतं असं नाही, यावर विश्वास ठेव. त्या पाकिटावरचं अक्षर बघून मला खरंच आनंद झाला होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. तू अशा वेळी म्हणायचीस, कोणाचा वाटा किती ते सांग. सांगता येत नाही.

आम्हाला बंद केलं तर मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार आहेत. गावातल्या मुलांचं निभेल, त्यांचे आईबाप सोडायला जातील. पण ती शाळा वर्षाच्या मध्यावर कोणाला घेत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला मागते. रस्त्याच्या कामावरच्या मुलांकडे दाखला कुठला? ट्रक पहाटे निघतो, हे मी तुला सांगितलंच. म्हणजे ती मुलं कुठेच जाणार नाहीत. मग त्यांना शून्यही मिळणार नाही, कोणाच्याच खात्यात.

उत्तर पाठव. वाईट असलं तरी पाठव.


९ सप्टेंबर

दशांश,

तुझं उत्तर आलं. टंकलिखित. मी ते उभ्यानेच वाचलं, बसायची गरजच पडली नाही.

“तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तुझी शाळा यादीत आहे, हे मला त्यांवरूनच समजलं, कारण कागदांवर तुझं सासरचं आडनाव आहे. आपली जुनी ओळख असल्यामुळे या शाळेच्या सुनावणीतून मला बाजूला व्हावं लागेल. तब्येतीला जप.”

म्हणजे मी गप्प राहिले असते तर तू तिथे बसली असतीस. कागद तुझ्यासमोर आला असता, खालून पहिली शाळा, छपाईची चूक वाटावी एवढी दरी, आणि तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली असतीस, थांबा, हे असं कसं. तू थांबवलंच असतंस. आकडा विचित्र दिसला की तू जेवणसुद्धा सोडून उठायचीस. तुला माझी ओळख लागलीच नसती. आणि मी काय केलं, तर पानंच्या पानं लिहून तुला त्या खुर्चीतून उठवलं.

रागावू की हसू, मला कळेना. सासरे म्हणाले, “जुन्या नावाची, काय झालं?” मी म्हटलं, मी स्वतःच्या पायावर चांगला मोठा धोंडा पाडून घेतलाय. ते म्हणाले, “मग बस जरा, उभी काय राहतेस.” तेव्हा बसले.

समितीतलं कोणी बाजूला झालं तर त्या जागी कोण येतं, तेही नाव न घेता विचारून आले. पंख्याखालची खुर्ची देणारा साहेब. तो म्हणेल, सूत्र विद्यापीठाचं आहे. आणि तो खोटं बोलत नसेल.

काल एक गोष्ट झाली. गेल्या वर्षी एक मुलगी आमच्याकडे होती. बोलायची कमी, पण वर्गाची खिडकी उघडायची आणि लावायची तिने स्वतःकडे घेतलं होतं. वाऱ्याने खिडकी आपटली की ती माझ्याकडे असं बघायची जणू माझाच गुन्हा. एके दिवशी तीही गेली, पत्र्याच्या ओळीबरोबर. काल ती परत आली. रस्त्याचा मागचा तुकडा खचला म्हणून तिच्या घरच्यांना पुन्हा इकडे आणलंय. दारात उभी राहून म्हणाली, “बाई, मी इथलीच आहे ना?”

मावशी वर्ग झाडत होती. ती म्हणाली, “मग काय, तुझी खिडकी कोणी लावेना. बघ कशी करकरते आहे.”

मुलगी सरळ आत गेली आणि खिडकी लावून बसली. बाहेर वारा अजिबात नव्हता.

कागदावर ही मुलगी एकदा गेली म्हणून शून्य आहे. आता पुन्हा आली, म्हणजे नवी. रस्ता दुरुस्त झाला की पुन्हा जाईल, म्हणजे दुसरं शून्य. एकाच मुलीची दोन शून्यं, दोन्ही माझ्या शाळेच्या नावावर. हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना. कारण याच्यावर हसू शकेल असं दुसरं माणूस मला माहीत नाही. नवी शिक्षिका रडली. मला रडणारं माणूस नको होतं, तू हवी होतीस.


१२ सप्टेंबर

प्रिय दशांश,

परवापासून मी घरात नुसती फिरते आहे. चहा करते आणि विसरते. वर्गात पाढे घेताना सातावर अडकले, पोरांनी मला पुढे नेलं. मनातलं काढून टाकल्याशिवाय हे थांबणार नाही.

समितीचं कामकाज कसं चालतं ते मामांकडून काढून घेतलं. त्यांना वाटलं मी सहज विचारते आहे. समितीतल्या प्रत्येकाकडून सोमवारी एक ओळ लिहून घेतात, म्हणाले. ‘यादीतल्या कोणत्याही शाळेच्या प्रमुखाशी माझी ओळख नाही.’ त्याखाली सही. ज्याची ओळख असेल त्याने सही न करता तसं कळवायचं. म्हणजे तू अजून कळवलेलं नाहीस. मला कळवलंस, त्यांना नाही.

कागदांवर माझं सासरचं आडनाव आहे. अहवालात माझं नाव नाही. तू मेळाव्यात माझ्याविषयी एक शब्द काढला नाहीस. आपण इतकी वर्षं एकमेकींना एक ओळ लिहिलेली नव्हती. या शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे तुमची शेंडेफळ, हे मामांशिवाय कोणाला माहीत नाही, साहेबाला अहवालात नाव न दिसल्यावर माझं बोलणं खरं वाटलेलं नाही, आणि मामा कधी कोणाचं बाहेर बोलले आहेत? कोणीही शोधायला गेलं तरी त्याला काही सापडायचं नाही. माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, ती जाळ.

मी तुझं मत मागत नाही. शाळा वाचव असंही म्हणत नाही. तू तिथे बस. आकडा समोर येऊ दे. त्याच्याकडे बघून तुला जे खरं वाटेल ते बोल. आमच्या विरुद्ध वाटलं तर विरुद्ध बोल. पण ते शून्य कसं जन्माला आलं हे ठाऊक असणारं एक माणूस त्या खोलीत असू दे. नाहीतर तिथे कोणालाच कळणार नाही की ते काढलेल्या मुलांसाठी होतं, गेलेल्यांसाठी नव्हतं.

हे चुकीचं आहे, मला कळतं. मी मुलांना सांगते, दुसऱ्याच्या पाटीत बघायचं नाही, आणि तुला सांगते आहे, खोट्याखाली सही कर. समानतेचा अभ्यास केला आपण, आणि मी मागते आहे ती सरळ वशिलेबाजी. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “ती कशाला करेल? तू केली असतीस का?” मी म्हटलं, मला कोणी विचारलंच नाही. हे उत्तर नव्हतं, त्यालाही कळलं.

तू करणार नाहीस. तुला ‘सुमारे’ म्हणायलासुद्धा जड जायचं. बाईंनी एकदा पंच्याऐंशी पूर्णांक काहीतरी होतं त्याला शहाऐंशी म्हटलं, तर तू सभा संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. तू सोमवारी सरळ चालत जाशील आणि कळवशील, यादीतल्या अमुक शाळेची मुख्याध्यापिका माझ्या ओळखीची आहे. कदाचित पुढे आणखी एखादा शब्द लिहिशील. सहकारी. मैत्रीण. मला माहीत नाही तू कोणता लिहिशील.

आणि इथेच मी अडकते. तू नाही म्हणालीस, तर शाळा जाणार, आणि एवढ्या वर्षांनी कुठल्यातरी कार्यालयाच्या फायलीत तुझ्या हाताने लिहिलेलं असणार की मी तुझी कोणीतरी लागत होते. ते वाचायची मला किती इच्छा आहे, हे आज सकाळी चहा उतू जाताना मला कळलं आणि माझी मलाच भीती वाटली. म्हणून ही इच्छा तुला आधीच सांगून टाकते, म्हणजे तिचं ओझं माझ्या मागण्यावर राहणार नाही. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती मुलगी आज पुन्हा आली होती, केस ओले, लवकर आली होती, शाळेचं कुलूप उघडायच्या आधी पायरीवर बसली होती.

सोमवारी ती ओळ तुझ्यासमोर येईल. तिच्याखाली सही कर. लिही, की तू मला ओळखत नाहीस.